पत्ता विचारलात म्हणून

नंबर नका विचारू. घरांना नंबर आहेत,
पण ते फक्त वीजबिलाला ठाऊक.
इशबेल गिलँडर्सचं घर ना? होडी बघायला?
मग असं करा, हा एकपदरी रस्ता धरा, नाकासमोर.
पुढून गाडी आली तर रुंद जागा बघून थांबा
आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचला.
एकच. अख्खा हात हलवलात
की कळलंच, बाहेरचे आहात.

पूल लागेल. कुबडा पूल, मधोमध गाडी उडते,
पोटात गोळा येतो. शाळेच्या व्हॅनमधली पोरं
तेवढ्यासाठीच शाळेत जातात, असं त्यांची बाई म्हणते.
सात पोरं. पुढच्या वर्षी पाच,
पण त्यात मकास्किलचे जुळे आहेत, म्हणजे धरा सहा,
दोघं मिळून तिघांचा दंगा घालतात.

पुलानंतर लोहाराच्या भट्टीपाशी डावीकडे.
भट्टी नाहीये. माझ्या आईच्या लहानपणीही नव्हती.
वळण मात्र तिथंच आहे.

उजव्या हाताला चर्च. ते आता घर आहे,
लीड्सकडचं एक जोडपं राहतं,
जिथं आमचं लग्न लागलं तिथं त्यांचा फ्रिज आहे.
भली माणसं. घंटा काढली नाही त्यांनी.
समोरच्या शेतातला उभा दगड चार हजार वर्षांचा,
पाटीवर तसं लिहिलंय. गाई पाठ खाजवतात त्याला,
एका बाजूनं गुळगुळीत झालाय.

संडास हवा असेल तर हॉलच्या मागे.
कौन्सिल कुलूप लावणार होतं, आम्ही किल्लीच मागून घेतली.
पाळीपाळीनं धुतो. या आठवड्यात डॉक्टर मन्रोंची पाळी,
म्हणजे आरसासुद्धा पुसलेला असेल.

बसथांब्यात खुर्ची दिसेल, हात असलेली, मखमली.
बस मंगळवारी आणि शुक्रवारी.
गुरुवारी सव्वाअकराला तिथं चार म्हातारे उभे दिसले
तर लिफ्ट विचारू नका त्यांना. पूर्वी बँकेची गाडी यायची त्या वेळेला.
बंद होऊन दोन वर्षं झाली.
ते आपले येतात, पावसाला नावं ठेवतात, घरी जातात.

मग लाल टेलिफोनची पेटी. आत फोन नाही.
थांबलेलं हृदय सुरू करायचं यंत्र आहे,
आणि खालच्या फळीवर खुनाच्या कादंबऱ्या,
न्या, वाचा, परत ठेवा.
शेवटची पानं इफी गेडिस फाडते, असा वहीम आहे.
यंत्र एकदाच लागलं. फेब्रुवारीत, रात्री, गुडघाभर बर्फात.
टॉर्किल सपाता घालून धावला,
मागून त्याची बायको, कोडचा कागद दातात धरून.
पेटीपासून लॉखच्या काठापर्यंत सहा मिनिटं.
आम्ही नंतर घड्याळ लावून मोजलं, कितीदा तरी.
उन्हाळ्यात चार लागतात.

हो, हेक्टर गिलँडर्स. त्याचीच होडी.

पेटीवरून सरळ खाली या, निळं दार.
वाटेत एका कुंपणावर अंड्यांची पेटी आहे,
सहा घ्या, नाणी डब्यात टाका. सुटे नसतील
तर परतताना टाका, कुणी बघत नाही,
म्हणजे सगळे बघतात.

भाव पाडा, पण थोडा. इंजिन धड आहे,
मी त्याच्याबरोबर मॅकरेल धरायला जायचे.
आणि एक, इशबेल स्वतः या रस्त्यानं येत नाही.
दूध न्यायला इथं दुकानात येते
ती टेकडीमागून, मेंढ्यांच्या वाटेनं, पाऊण मैल जास्त.
पेटी लागत नाही त्या वाटेवर.
आम्ही कुणी विचारलेलं नाही.

तिनं तुम्हाला परतीची वाट तिकडून सांगितली
तर तशीच या.
चिखल आहे. बूट आहेत ना गाडीत?