एकशे सतरा

टाउनोच्या कपाटात एकेचाळीस फौजी सुरे,
तेलाचा हात फिरलेले, मखमलीत निजलेले.
तीनशेच घडवले होते त्यांतला एकशे सतरावा,
त्याच्यापायी होडी विकली.
सुरा म्हणत नाही तो. नंबर म्हणतो.

काल आउने आली, दारात बर्फ झटकत,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही घेऊन.
नवऱ्यानं आघाडीवरून आणलेला.
मुठीवर पलटणीचा शिक्का, अर्धा पुसलेला,
पातं झिजून करंगळीएवढं,
खवले अजून चिकटलेले.

असा शिक्का टाउनोनं
फक्त चित्रात पाहिला होता.
"किती घ्याल?"
"मी कशाला घेऊ? तुम्ही सांगा
किती ते, धार लावायचे.
उद्या मासे साफ करायचेत."

एकेचाळीस सुऱ्यांच्या घरात
रात्रभर
दगड सापडेना.