आटे

बुधवारी रात्री साडेनऊला बसलो.
बिबवेवाडीत आमचा ब्रेल छापखाना, शटर अर्धं खाली,
यंत्र गप्प. संगणक नवा आला
आणि जुना तयार प्रोग्राम त्याच्यावर उघडेना.
नवा तयार आता कुणी करत नाही.
उरला कच्चा शिधा, म्हणजे सोर्स,
कुणीतरी कधीतरी लिहून उघड्यावर ठेवलेला,
या, घ्या, आपापलं शिजवा.

शिजवायला गेलो तर म्हणे अमकी लायब्ररी लागेल.
ती आणली. ती म्हणे, तमकी कुठंय?
तमकीला तिसरी, तिसरीला चौथी, तीही जुनीच,
आणि चौथी विचारते, पहिली बसवलीत ना?
दाखल्यासाठी दाखला, त्या दाखल्यासाठी दाखला.

नजीर मिस्त्री शेजारी स्टुलावर.
यंत्राचा एक बोल्ट झिजला, तोवर तारेनं बांधलाय,
म्हणून सकाळीच जुन्या बाजारात हिंडून आलेले.
"अडलं काय?"
म्हटलं, नाव तेच, वस्तू तीच, तरी बसत नाही.
त्यांनी खिशातून बोल्ट काढून नटात फिरवला.
"हे बघ. दोन फेरे सुरळीत. तिसऱ्याला अडकतो.
बोल्ट इंचाचा, नट मिलिमीटरचा.
जाडी सारखी दिसते, आटे वेगळे.
जोर लावलास की दोन्ही गेले."

जोर लावला नाही.
मागची आवृत्ती धुंडाळली, दोन हजार अकराची.
तिच्यात एका ओळीशेजारी कुणाची तरी टीप:
ही काढू नका. का ते मलाही ठाऊक नाही,
पण काढली की सगळं पडतं.
मीही काढली नाही. कोण होतास बाबा.

साडेबाराला 'मेक' म्हणून टाइप केलं.
खरी मेख कुठंय ते नंतर कळतं.
पडद्यावर ओळी सरकत राहिल्या, पंखा घरघरत राहिला,
मधेच पिवळे इशारे. मिस्त्री म्हणाले,
"लाल नाही ना? पुण्यात पिवळ्याला कोण थांबतं?"
मग थर्मासचं झाकण लावता लावता,
"उद्या गुरुवार. दहाला वीज जाणार, लक्षात ठेव."

सकाळी आठला वैजयंता भोईटे आल्या.
छडी दाराला टेकवली, पहिलं पान मागितलं.
तिसरीचं भाषेचं पुस्तक. बोटं चालू लागली, थांबली.
"शाला," त्या म्हणाल्या. "फला. केली.
हे लोक कुठल्या गावचे?"

सगळ्या ळ चा ल झाला होता.
कोष्टक लिहिणाऱ्याच्या तोंडात ळ नसेलच,
त्याला कसा सुचावा?
बाईंनी माझा अंगठा धरून कागदावर टेकवला.
ल म्हणजे डावीकडचे तीन ठिपके, एक दोन तीन.
ळ म्हणजे उजवीकडचे, चार पाच सहा.
एवढाच फरक, या कुशीवरून त्या कुशीवर.

विकतचा डबा असता तर तक्रार लिहिली असती
आणि उत्तराची वाट बघत बसलो असतो.
इथे फाइल उघडी, कर्सर लुकलुकतोय.
एक ओळ घातली. पुन्हा मेक.
या खेपेला चारच मिनिटं, बाकीचं रात्रीच शिजलेलं.

नऊ छप्पन्न. तारेनं बांधलेलं यंत्र धडधडलं.
शाळा आली. फळा आला. केळी.
पान निम्मं बाहेर, आणि वीज गेली.

वैजयंताबाई वाकून तिथेच वाचत राहिल्या,
ठिपके होते तिथवर.
"कावळा," त्या म्हणाल्या. "पुढे काय झालं त्याचं?"

मिस्त्रींनी न बसणारा बोल्ट बरणीत टाकला.
"लागेल कुणाला तरी."
मला आठवलं, ती ओळ ज्यांच्याकडून घेतलं
त्यांना धाडायची राहिलीच.
वीज आली की.