वरची झील

बक्षीस म्हणजे एक तांब्याची घागर,
दुसऱ्याला पाच किलो गूळ.
गळतग्याच्या जत्रेत फळ्यावर खडूनं लिहिलेलं,
वर कन्नड, खाली मराठी :
आज फक्त झिलकरी.
शाहीर मंडळींनी गप बसायचं.

जन्मभर दुसऱ्याच्या ओळीचं शेपूट धरलेले
बावीस बाप्ये मांडवात,
ज्याला पोरं 'बायकी' म्हणून हसली
तो आवाज मफलरीत गुंडाळून आणलेला.
फक्त बाप्ये, असं काही फळ्यावर नव्हतं.
लिहायची गरजच कुणाला वाटली नाही.

माझा नवरा तवनाप्पा त्यातला एकोणिसावा.
निपाणीत वखारीला तोलारी.
तंबाखूची धूळ आधी त्याच्या छातीत, मग बोदात.
पहाटे खोकतो तेव्हा शेजारचं कुत्रं उठतं.
पण वरचा आवाज तेवढा स्वच्छ राहिला.
तेवढ्या उंचीवर धूळ चढत नसावी.

परीक्षक दोन.
एक गोकाकचे, गीगी पदात केस पिकलेले,
एक कागलचे, डफावरचे.
तिसऱ्याची एसटी कोगनोळी नाक्यावरनं माघारी फिरवली,
म्हणून मधली खुर्ची रिकामी.
तिच्यावर गुळाची ढेप ठेवली होती.

बेल्लद बागेवाडीचा भरमगौडा, वीस-बावीसचा.
खालचा आवाज कुठं संपला,
वरचा कुठं लागला, कळलंच नाही,
तेल घातलेली बिजागरी जशी.
माणसं उभी राहिली. मीपण राहिले.
खोटं कशाला बोलू?

तवनाप्पाचा आवाज चढताना मोडतो.
त्या जागेला तो शीव म्हणतो.
खालनं चालत येतो, शिवेच्या दगडाला ठेचकाळतो,
खट्
आणि पल्याड अनवाणी पळत सुटतो.
"झाक की रे ती जागा," शाहीर ओरडायचे.
हा म्हणायचा, "शिवेवर नारळ फोडत्यात,
झाकतंय का कोण?"

आता माझं ऐका.
लग्नाच्या पहिल्या वर्षी
वेदगंगेच्या काठानं मी म्हैस हाकारायची,
येऽऽ गंऽऽ,
आणि हा बांधावर विडी न पेटवता उभा.
एके दिवशी माझ्याच आवाजात त्यानं हाक मारली.
म्हैस गेली की त्याच्याकडं!
दोन दिवस मी बोलले नाही,
म्हशीशीसुद्धा.

मांडवात तो उभा राहिला.
कानावर हात. डोळे मिटलेले.
तुणतुण्याची तार जरा उतरलेली,
ती त्यानं तशीच राहू दिली.
चढला. मोडला. सगळ्या मांडवानं ती ठेच ऐकली,
पुढच्या रांगेतला एकजण हसला.
मग पल्याडनं जे आलं
त्यात अक्षर धड नव्हतं.

गोकाकचे म्हणाले, 'गी गी' म्हटला.
कागलचे म्हणाले, छे हो, 'जी जी.'
अर्धा तास दोघं भांडले,
एक मराठीतनं, एक कन्नडातनं,
दोघांनाही दोन्ही कळत होतं.
वहीत काय लिहायचं, यावर चहा झाला.
मी पाठीमागं, चपलांच्या ढिगाशेजारी.
मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं,
गी नाही, जी नाही,
म्हैस बोलावली त्यानं.

घागर भरमगौडानं नेली, ते बरोबरच होतं.
आम्हाला गूळ.
रात्री फाट्यावर उभे, ढेप त्याच्या डोक्यावर,
शेवटची टमटम धूळ उडवत पुढं निघालेली.
तवनाप्पानं तोंड उघडलं. नुसता वारा.
सगळा गळा मांडवात ठेवून आला होता.

मग मीच पदर खोचला.
येऽऽ
आणि त्याच दगडाला ठेचकाळले,
खट्, तंतोतंत त्याच जागी.

टमटम थांबली.
आतली चार डोकी वळली,
ड्रायव्हर म्हणाला, "कोण ओरडलं?"
तवनाप्पानं गूळ खाली उतरवला
आणि माझ्याकडं बोट केलं.