स्केलबेक प्रभागाची फाईल बंद करताना

पहिल्या कागदावर क्लेमेंट हॅगस.
त्र्याहत्तर साल, बिनविरोध.
समोर कुणी उभंच राहिलं नाही, कारण
लोकरीच्या गिरणीत तो निम्म्या गावाचा मुकादम
आणि उरलेल्यांसाठी रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचा.
एकही मत न पडता निवडून आला,
म्हणजे कोणाला तो किती हवा होता
हे त्याला कळलंच नाही.

शहात्तर : हॅगस ८०२, ऑल्डरॉइड ३१७.
एकोणऐंशी : हॅगस ७४०, ऑल्डरॉइड ५८८.
विनिफ्रेड ऑल्डरॉइड शाळेत पोरांना जेवण वाढायची.
पडली की दुसऱ्या दिवशी डाव घेऊन हजर.
यॉर्कशरच्या या बाजूला पाऊसही रोजच पडतो,
त्याची नोंद कोण ठेवतं?

त्र्याऐंशी.
गिरणी बंद होऊन एक हिवाळा उलटला होता.
मी बावीस वर्षांची, अंगठ्यावर रबरी टोपी,
मोजणीच्या टेबलावर माझी पहिली रात्र.
हॅगस ६११.
ऑल्डरॉइड ६११.
पुन्हा मोजलं. तेच.
तिसऱ्यांदा मोजत होतो तेव्हा रखवालदार
मागच्या रांगेतल्या खुर्च्या उलट्या करून ठेवू लागला होता.

बाद मतं चार.
एकावर दोन्ही नावांपुढे फुली.
एक कोरं.
एकावर गिरणीच्या मालकाला शिवी, ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही.
आणि एकावर, दोन्ही चौकोन रिकामे सोडून, तळाशी पेन्सिलीने :
‘एकाला दिलं तर दुसऱ्याला तोंड कसं दाखवू?’

अक्षरांच्या त्या लांब शेपट्या मी ओळखल्या.
दर शनिवारी किराण्याच्या यादीत त्या
आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लोंबकळायच्या.
बाबा हॅगसच्या हाताखाली एकोणीस वर्षं.
आणि आई गेली त्या थंडीत
विनिफ्रेड रोज संध्याकाळी झाकलेलं ताट आणून
पायरीवर ठेवायची, दार न वाजवता.
मी तो कागद चौथ्या गठ्ठ्यात ठेवला.
नियम तसाच आहे. मी काही बोलले नाही.

मग चिठ्ठ्या. बिस्किटांच्या डब्यात दोन घड्या.
अधिकाऱ्याने मान वळवून एक उचलली :
ऑल्डरॉइड.
हॅगसने डब्यातली दुसरी स्वतः काढली,
उलगडली, आपलं नाव दोनदा वाचलं
आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

पहाटे अडीचला घरी पोचले. बाबा जागे.
‘कोण आलं?’
‘विनिफ्रेड.’
‘आणि क्लेम?’
‘पडला.’
‘लागलं का त्याला?’

पुढे सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव, पंच्याण्णव : ऑल्डरॉइड.
शाळेसमोरचे पट्टे तिचे. बसथांब्याचं छप्पर तिचं,
आणि त्या छपराच्या गळतीची तक्रारही तिनेच केलेली,
तिसऱ्या पानावर आहे.
शहाण्णवमध्ये ती गेली. पोटनिवडणूक लागली.
पक्षाची माणसं हॅगसच्या दारात गेली. तो म्हणाला,
‘समोर कोण आहे, म्हणून उभा राहू?’

दोन हजार तीन : जमशेद खोखर, नऊ मतांनी.
त्याचा बाप त्याच गिरणीत रात्रपाळीला होता;
मुकादमाचं नाव त्याला आठवायचं, मुकादमाला त्याचं नाही.
त्यानंतरची पानं पातळ. आकडेही.
दोन हजार एकोणीस : शंभरातले तेवीस आले मतदानाला,
आणि केंद्राबाहेर बांधलेली कुत्री, ती मी मोजली, सात.

आता ओढ्याच्या मधोमध रेघ मारली आहे.
डावा काठ एका प्रभागात, उजवा दुसऱ्यात.
आमचं घर डावीकडे, चॅपल उजवीकडे,
तिथे आता गालिचे विकतात.
स्केलबेक म्हणून काही उरलं नाही, ओढा सोडला तर.

मतपत्रिका सहा महिन्यांनी नष्ट करतात.
फाईलमध्ये राहतो तो फक्त आकडा : बाद – ४.
नवा मुलगा आहे, फिनली. पान उलटता उलटता थांबला,
म्हणाला, सहाशे अकरा, सहाशे अकरा,
एकजण जरी नीट शिकलेला असता!

शिकलेला होता, म्हटलं.
दोरी दे इकडे.