घोड्याचा वास

आसंध म्हणतात तिला आमच्याकडे, कोणी ढोरगुंज.
उकिरड्याच्या कडेला, नाल्याच्या उतारावर उगवते,
कागदी पिशवीत एकेक लाल मणी घेऊन.
तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.
मीही पाहिलं नव्हतं, त्या वर्षापर्यंत.

काही झालं नव्हतं, हेच अवघड होतं.
नवरा चांगला. मुलगा सुरतेत, कामाला.
सारंगखेड्याच्या यात्रेसाठी मी झुली शिवते,
लाल मखमल, पिवळा गोंडा, आरसा, परत गोंडा;
आणि एक दिवस गोंडा हातात धरून बसले
तर दुपारचे चार कधी वाजले कळलं नाही.
जाऊबाई म्हणाल्या, काय व्हयनं व?
काही नाही, म्हटलं. खरंच काही नाही.
रात्री पंख्याची पाती मोजायची.
परत मोजायची. तीनच.

शहाद्याच्या बाजारात ठुमलीबाई पावरा
पोत्यावर मुळ्या मांडून बसते.
तिनं मला नीट न्याहाळलं, मग विचारलं,
पोटात लेकरू तर नाही ना?
मला हसू आलं. पन्नाशीला टेकले, बाई.
असतं तर दिली नसती, म्हणाली,
आणि मूठभर मुळ्या वर्तमानपत्रात बांधल्या.

घरी आणून कुटली. चिमूट नाकाशी नेली.
घोडा.
ओला, घामेजलेला, तापीतून नुकताच वर आलेला घोडा
माझ्या खलबत्त्यात उभा.

खोटं कशाला बोलू, गुण आला.
चिमूटभर, दुधातून, झोपताना.
दहाव्या-बाराव्या रात्री पंखा मोजायचा राहून गेला.
सकाळी चहा चहासारखा लागला.
मार्गशीर्षात चौदा झुली हातावेगळ्या केल्या
आणि पुलावरून येणारे घोडे बघायला
उगाच, कामाशिवाय, नदीवर जाऊन उभी राहिले.

मग मीच चिमटीचा चमचा केला.
एवढी गुणाची, तर जरा जास्त.
झाडाचं मूळ ते, करून करून काय करणार?

पौषात घोडे छातीत आले.
रात्री तीनला टापा,
उशीतून ऐकू येणाऱ्या.
हात असा थरथरायचा की सुईत दोरा जाईना,
एकदा तर बोटच मखमलीला शिवलं.
वजन उतरलं, बायका म्हणाल्या, छान दिसतेस.
मी घाबरले,
आणि घाबरले म्हणून आणखी अर्धा चमचा घेतला.

निकुंभ डॉक्टरांनी मान चाचपली, नाडी धरली,
रक्ताचा कागद दोनदा वाचला.
थायरॉईडची गोळी किती वर्षं?
नऊ. पहाटे, उपाशीपोटी, न चुकता.
आणखी काय घेता?
हे नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
औषध काही नाही, मी म्हणाले.
आणि मग, थांबून: आसंध.
ते रागावले नाहीत.
गोळी जिकडे ओढते तिकडेच हीही ओढू शकते, म्हणाले.
(एका टांग्याला दोन घोडे, मी मनात म्हटलं,
आणि दोघांना चाबूक.)
पापणी खाली ओढून डोळ्यांचं पांढरं पाहिलं,
क्वचित कुणाचं लिव्हरही दुखावते ही, म्हणाले.
मग पेन खाली ठेवून,
झोप कधीपासून नव्हती?

ठुमलीबाईला गोळी माहीत नव्हती.
डॉक्टरांना मुळीचा पत्ता नव्हता.
दोन्ही माहीत असलेली एकटी मी,
आणि मी कोणाला काही सांगितलंच नव्हतं,
त्या दुपारच्या चारचंसुद्धा.

आसंध बंद आहे. टापाही हळूहळू लांब गेल्या.
महिन्यातून एकदा धुळ्याला जाते,
तिथे एक बाई मला नुसतं बोलायला लावते.
काही रात्री झोप, काही रात्री तीन पाती.
ठुमलीबाईला बाजारात गाठून सगळं सांगितलं.
ती बराच वेळ मुळ्या सारख्या करत राहिली.
गोळी खाता का, तेही विचारत जाईन, म्हणाली.

उरलेली पूड डब्यात आहे, फळीवर, झाकण घट्ट.
शिवताशिवता कधी उठते, उघडते.
घेत नाही.
नुसतं पाहते, आहे का अजून आत तो,
उभा.