पापुद्रा

टाकी क्रमांक सातशे चार,
सोहार बंदराच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर.
आत टोल्युइन, त्यावर नायट्रोजनची गोधडी,
आणि एवढ्या अवाढव्य पोलादी पोटाची सहनशक्ती
ऐंशी मिलिबार.

म्हणजे किती, खल्फानने विचारलं,
तेव्हा मी गाल फुगवून दाखवले.
तो हसला नाही. एवढंच? म्हणाला.
एवढंच.
एखादा तुतारीवाला जीव खाऊन फुंकेल
तर शिवण उसवेल हिची.

जास्त दाबाचं काम त्या मानाने सोपं,
हे कुणाला सांगून पटत नाही.
शंभर बारला पाच इकडे, पाच तिकडे,
जाड चकती, जाड बोल्ट, रात्री झोप लागते.
इथे चाळीसवर रोजचा संसार,
सत्तरला फुटायला हवं,
त्यातही दहा अलीकडे, दहा पलीकडे
ही बनवणाऱ्याने मागून घेतलेली सूट,
आणि ऐंशीला पत्रा बोलायला लागतो.
मधल्या फटीत मला बसवायचा होता
भाकरीच्या पापुद्र्याहून पातळ एक धातू,
जो रोज टिकेल
आणि एकदाच, वेळेवर, हरेल.

रात्री समुद्राकडून गारवा येतो
तेव्हा टाकी आत श्वास ओढते.
म्हणून पापुद्र्याला खालून आधार हवा,
चिरा हव्यात, चिरांवर टेफ्लॉनचं अस्तर,
वर मागच्या नळीचा उलटा दाब.
सगळं भरलं मी. अकरा रकाने.
बाराव्यात तापमान.
मी लिहिलं: खोलीचं, बावीस अंश.
कुठल्या खोलीचं?
माझ्या.

वेंगुर्ल्याचे घनश्याम तेर्से, फिटर,
तेरा वर्षं याच टाक्यांच्या डोक्यावर,
मे महिन्यात एकदा म्हणाले,
"सायबानू, दुपारचे दोन वाजता
हंय हात ठेवन बघा."
मी खालूनच हात हलवला.
मला वाटलं, ते भत्ता मागतायत.

जुलैच्या एकोणीस तारखेला
दाब होता फक्त त्रेपन्न.
आवाज फार झाला नाही,
ओला टॉवेल झटकावा तेवढा.
मग वास, मग भोंगा,
मग पंपघरापासून गेटपर्यंत पळणारी माणसं,
आणि शिडीखाली उभे तेर्से,
डोक्यावरचं हेल्मेट सारखं करत.

चौकशीत दोष कुणाचाच निघाला नाही.
चकती बनवणाऱ्याने कागद दाखवला:
बावीस अंशाला सत्तर, आम्ही दिलं.
तुमच्या फ्लँजवर अडुसष्ट अंश होते.
तापलेला धातू हळवा होतो, साहेब,
हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी वर गेलो.
हातमोजा काढला.
तळवा टेकवला, मोजले चार आकडे,
पाचवा जमला नाही.
तेर्से बघत होते. काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

नव्या चकत्या सप्टेंबरात आल्या,
बाराव्या रकान्यात खरा आकडा घेऊन.
फोमच्या खोक्यात सहा जागा, चारच चकत्या.
दोन तिकडेच फोडल्या होत्या,
बाकीच्यांची खात्री म्हणून.
कारण ही वस्तू तपासता येत नाही.
तपासली की संपली.
जोडीदारांच्या मरणावरून
उरलेल्यांची साक्ष काढायची.

तेर्सेंनी फुंकर न मारता कापडाने बैठक पुसली,
बाण आभाळाकडे केला,
बोल्ट आळीपाळीने, समोरासमोर,
पाना टक् वाजेपर्यंत, त्याच्यापुढे नाही.
मग त्यांनी फ्लँजवर हात ठेवला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मीही ठेवला.

जुनी चकती त्यांनी मागून घेतली.
केरोसिनने धुतली, मग साबणाने, दोनदा.
कॅम्पातल्या त्यांच्या खोलीत
खिडकीच्या पट्टीवर असते ती,
पाकळ्या बाहेर वळलेल्या,
मधल्या भोकात उदबत्ती.
खोलीत एसी चालू असतो.
काटा बावीसवर.