चालू आहे

थर्माकोलची पेटी मासळीबाजारातली.
तीन दिवस उन्हात ठेवली तरी बोंबलाचा वास गेला नाही.
चाळीसचा दिवा, कंप्युटरमधला जुना पंखा,
लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेला थर्मोस्टॅट
आणि पाण्याची वाटी.
भांडुपला, अकराव्या मजल्यावर,
जिथं कावळासुद्धा विचार करून येतो,
तिथं आम्ही बदकं उबवायला घेतली.

अंडी सात. गोराईच्या ब्रिजितबाईंनी
तुसात गुंडाळून दिली, बोटीत मी मांडीवर धरली.
"आमची बदकीण टाकते नि विसरते," त्या म्हणाल्या,
"पूर्वी कोंबडीखाली ठेवायचो.
आता तुम्हीच कोंबडी."

दादांनी ते मनावर घेतलं.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस,
गेली सहा वर्षं ठार बहिरा.
प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने
एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा,
आणि दिवसातून पाच वेळा उलटायचं.
त्याला ते चावी देणं म्हणतात.
रात्री दोनला उठतात.
गजर ऐकू येत नाही, तरी उठतात.

सातव्या रात्री अंड्याखाली टॉर्च धरला.
दादांनी डोळ्यात भिंग बसवलं.
आत लाल शिरा, केसाएवढ्या,
मधे एक ठिपका, थरथरणारा.
"चालू आहे."
दुसरं. "चालू."
तिसरं नुसतं पिवळं, स्वच्छ.
"ह्यात मशीनच नाही," म्हणाले
आणि हळूच बाजूला ठेवलं.
त्याचं आम्लेट करायचं मला धाडस झालं नाही.

सतराव्या दिवशी वीज गेली. ट्रान्सफॉर्मर, म्हणे.
काटा पस्तीस. तेहतीस.
गरम पाण्याच्या बाटल्या, माझी शाल,
महाबळेश्वरसाठी घेतलेली, कधी न घातलेली कानटोपी.
तेवढ्यात सेक्रेटरी घोसाळकर दारात:
"वास कसला येतोय?"
"बोंबलाचा," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

पंचविसाव्यापासून उलटणं बंद,
झाकण उघडायचं नाही.
दादांना हे जमेना.
टीव्हीसमोर बसल्याबसल्या
त्यांची चिमूट हवेतच फिरायची.

सव्विसाव्या रात्री आवाज आला,
कवचाच्या आतून, बारीक, तक्रारीचा.
मी वर्तमानपत्राच्या कडेवर लिहिलं: बोलतंय.
त्यांनी वाचलं, नियम मोडून झाकण उचललं,
अंडं घेतलं आणि कानाला नाही,
जबड्याच्या हाडाला टेकवलं.
डोळे मिटले.
मी वाफ जाताना बघत होते, काही बोलले नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"थोडं पुढं पळतंय."

चार निघाली. ओली, कुरूप, चिडलेली.
एक निघालंच नाही. एकाने भोक पाडलं,
चोच बाहेर काढली आणि तिथंच थांबलं.
ते दादांनी हत्यारांच्या खणात ठेवलंय.
बंद आहे, असं काही म्हणाले नाहीत.
मीही खण उघडत नाही.

नळाला पाणी पावणेसहाला येतं.
घमेल्यात चार बोटं भरते, चौघं उड्या टाकतात.
आईच्या पिसांचं तेल त्यांना मिळालेलं नाही,
भिजली की गारठतात,
म्हणून चारच मिनिटं.
दादा स्टुलावर, हातात घड्याळ.
पिल्लं त्यांच्या अंगठ्याला टोचतात, पुन्हा पाण्यात.

"झाली चार," मी म्हणते.
ते ऐकत नाहीत.